पंच्याहत्तर गजांची गरिबी

तेलंगणातल्या आदिलाबाद शहरात जमीन गजाने विकली जाते. पैनगंगा ओलांडून यवतमाळकडे किंवा सीमा ओलांडून किनवटकडे गेलं की तीच जमीन चौरस फुटांत आणि गावाबाहेर गुंठ्यांत मोजतात. इकडच्या तीरावर मात्र मराठी बोलणारा माणूसही ‘साठ गजांत घर बांधलं’ असंच सांगतो. गज म्हणजे तीन फूट, तेव्हा एक चौरस गज नऊ चौरस फुटांचा. हिशेब सोपा आहे, पण तो हाताशी ठेवावा, कारण या शहरात घरपट्टीसाठी कोण गरीब आणि कोण नाही हे गेली काही वर्षं गजानेच ठरतं.

जुलै २०१९ मध्ये तेलंगणा विधानसभेने नवा नगरपालिका कायदा केला. त्यात लहान घरांसाठी एक तरतूद आहे. ७५ चौरस गजांपर्यंतच्या प्लॉटवर तळमजला किंवा तळमजल्यावर आणखी एक मजला असं राहतं घर असेल, तर त्याची वर्षाची घरपट्टी १०० रुपये. एवढ्या प्लॉटवर सात मीटर उंचीपर्यंत बांधायला परवानगीचीही गरज नाही, एक रुपया भरून नोंद केली की झालं. पंच्याहत्तर गज म्हणजे ६७५ चौरस फूट, पंचवीस फूट रुंद आणि सत्तावीस फूट लांब जागा. तीस बाय तीसचा प्लॉट शंभर गजांचा होतो, म्हणजे तो या दाराबाहेर उभा राहतो.

घरपट्टी हा शब्द आदिलाबादच्या मराठी घरांत तसाच टिकून आहे. तेलुगूत ती ‘इंटी पन्नु’, दखनीत ‘घर का टॅक्स’, आणि वसुलीला दारात येणारा माणूस तिन्ही भाषांत ‘बिल कलेक्टर’. इथल्या मराठीला कुणी पाहुणी समजू नये. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि १९५६ मध्ये भाषावार राज्यरचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. ते पुढे महाराष्ट्राकडे गेले. जैनथ, बेला, तांसी, भीमपूर या भागांतले मराठी लोक आदिलाबादमध्येच राहिले. सोयरे तिकडे, शेतं इकडे. जिवती तालुक्याच्या आणि केरामेरी मंडळाच्या सीमेवर तर अशी गावं आहेत की त्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात आणि तिथला माणूस दोन्हीकडच्या मतदार यादीत सापडतो. (२०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा केरामेरी कुमरम भीम आसिफाबादमध्ये गेलं.) कुमरम भीमचं नाव निघालं म्हणून सांगायला हवं की करमाफी ही या जंगलपट्टीत कार्यालयीन टिप्पणीपुरती गोष्ट कधीच नव्हती. १९४० मध्ये जोडेघाटला हा गोंड नेता मारला गेला, त्या लढ्यामागच्या कारणांत गोंडांच्या गुरांवर लावलेला चराईचा करही होता.

आता शंभर रुपयांकडे. ही रक्कम सवलत का ठरते हे कळायला साधी घरपट्टी कशी निघते ते पाहायला हवं. तेलंगणातल्या नगरपालिका घराचं ‘वार्षिक भाडेमूल्य’ काढतात. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती मिळालं असतं, याचा तो सरकारी अंदाज. शहराचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे दर वेगळा असतो: स्लॅबचं घर, जुन्या पद्धतीचं मद्रास टेरेस, कौलारू, पत्र्याचं, झोपडी. क्षेत्रफळाला दराने गुणायचं, बाराने गुणायचं, घर जुनं असेल तर वयाप्रमाणे काही वजा करायचं. आंध्रच्या काळापासून चालत आलेल्या नियमांत मालक स्वतः राहत असेल तर ही वजावट ४० टक्क्यांपर्यंत जाते. उरलेल्या मूल्यावर टक्केवारीने कर. त्यात पाणी, दिवाबत्ती, गटार, सफाई यांचे वाटे असतात आणि वर रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर. हा आठ पैशांचा उपकर मला फार आवडतो. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, पण असा उपकर लावायचा राहूनच गेला. आदिलाबादच्या घरमालकाने आयुष्यात वाचनालयाची पायरी चढली नसली, तरी पुस्तकांचे पैसे त्याने भरलेले असतात.

या हिशेबात गरिबी आधीपासूनच थोडी मोजलेली आहे, हे नीट पाहिलं तर कळतं. पत्र्याच्या घराचा दर स्लॅबपेक्षा कमी, आडबाजूच्या वस्तीचा दर बाजारपेठेपेक्षा कमी. म्हणजे झोपडीला मुळात कमीच कर येतो. २०१९ च्या कायद्याने यावर दुसरी मोजपट्टी आणली आणि ती फक्त जमिनीला लावली. मेन रोडवर सत्तर गजांवर दोन मजली पक्कं घर असलं, आत फरशी, वर पाण्याची टाकी, तरी बिल शंभर रुपयांचं. शहराच्या टोकाला नव्वद गजांवर पत्र्याच्या दोन खोल्या असल्या तर हिशेब नेहमीचा. कमी दराच्या भागात तो फार होणार नाही, पण शंभरावर तर जाईलच. घराच्या पुढच्या खोलीत किराणा मांडला की तेवढ्या भागाचं मूल्य व्यापारी दराने धरतात. आणि पुढच्या खोलीत किराणा कोण मांडतो? ज्याला बाजारात गाळा परवडत नाही तो.

याच सरकारचा आणखी एक आकडा शेजारी ठेवून पाहू. तेलंगणा राज्य झाल्यावर सात महिन्यांच्या आतच, डिसेंबर २०१४ मध्ये, शासकीय आदेश क्रमांक ५८ निघाला. सरकारी जागेवर घर बांधून राहणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना १२५ चौरस गजांपर्यंतची जागा फुकट नावावर करून देण्याचा तो आदेश होता. म्हणजे महसूल खात्याच्या लेखी १२५ गजांवर राहणारा माणूस गरीब असू शकतो आणि पालिका खात्याच्या लेखी ७५ गज ओलांडले की तो गरीब उरत नाही. सरकारने दिलेल्या, पंच्याहत्तर गजांहून मोठ्या पट्ट्याचा कागद हातात घेऊन एखादा माणूस पालिकेत गेला, तर त्या कागदानेच तो सवलतीबाहेर पडायचा.

दोन भावांचं उदाहरण घ्या. वडिलांचा दीडशे गजांचा प्लॉट, त्यावर दोघांच्या दोन खोल्या, चूल वेगळी, दाराचा नंबर एक. नोंद एकत्र असेपर्यंत पूर्ण हिशेबाची घरपट्टी. रीतसर वाटणी करून दोन नंबर घेतले तर दोघांचे मिळून दोनशे रुपये. घरात पैसा तेवढाच आहे, फक्त मध्ये एक रेघ आली. या कायद्यात घरमालकाने आपल्या घराची माहिती स्वतः द्यायची असते आणि ती खोटी निघाली तर करातल्या फरकाच्या पंचवीसपट दंड आहे. ज्याला वकील आणि सर्व्हेअर परवडतो तो ही रेघ बरोबर जागी मारून घेतो. ज्याला परवडत नाही तो मीसेवा केंद्राच्या रांगेत उभा राहून संगणकात आधी भरलेला आकडा बदलत का नाही हे विचारत राहतो.

तरीही शून्य न करता शंभर ठेवले हे मला बरं वाटतं. मुंबईने उलटा रस्ता घेतला. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ करू, असं शिवसेनेने २०१७ च्या पालिका निवडणुकीत सांगितलं. २०१९ मध्ये माफी आली ती फक्त ‘सर्वसाधारण करा’ची. बाकीचे घटक बिलावर तसेच राहिले आणि लोक ‘माफी झाली ना?’ असं विचारत बिल हातात घेऊन फिरले. पूर्ण माफीची घोषणा व्हायला १ जानेवारी २०२२ उजाडला, तेव्हा सुमारे १६ लाख घरांना तिचा फायदा होईल असं सांगण्यात आलं. मुंबईचे ५०० फूट हे चटईक्षेत्र आहे, आदिलाबादचे ७५ गज ही जमीन आहे, त्यामुळे दोन्हींची तुलना सरळ होत नाही. पण आदिलाबादच्या माणसाच्या हातात दरवर्षी त्याच्या नावाची पावती पडते. त्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. पण वीज मीटरसाठी, पत्त्यासाठी, शाळेच्या फॉर्मसाठी तीच पुढे करावी लागते. गरीब वस्तीत शंभर रुपयांची पावती शून्याच्या माफीपेक्षा जास्त कामाला येते.

आता हे ठरवतं कोण? आदिलाबाद पालिकेत २०२० च्या निवडणुकीत ४९ वॉर्ड होते. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती १ लाख १७ हजारांच्या घरात होती. सभागृह आहे, अध्यक्ष आहे, ठराव होतात. पण ७५ गज आणि १०० रुपये हे आकडे त्या सभागृहात ठरले नाहीत, ते हैदराबादमध्ये ठरले. १९९३ च्या जूनपासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत जागा दिली, अठरा कामांची यादीही दिली. कराबाबत मात्र कलम २४३ भ एवढंच म्हणतं की राज्य विधिमंडळ कायद्याने पालिकेला कर बसवण्याचा अधिकार देऊ शकेल. देऊ शकेल, दिलाच पाहिजे असं नाही. जो अधिकार देतो तोच सवलतीची किल्ली आपल्याकडे ठेवतो.

महाराष्ट्रात ही किल्ली कशी फिरते हे पुण्यात दिसलं. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने १९७० मध्ये ठराव केला की मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र मूल्यात ४० टक्के सूट द्यायची. जवळजवळ अर्धं शतक ती चालली. मग लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला की या सवलतीला कायद्यात आधार नाही, आणि राज्य सरकारने ठरावच रद्द केला. पुणेकरांच्या बिलांत फरकाची रक्कम चढली, नवी घरं सवलतीशिवाय आकारली जाऊ लागली. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती सूट पुन्हा चालू केली आणि लोक पीटी-३ नावाचा अर्ज भरायला धावले. नवी मुंबईच्या सभेनेही २०१९ मध्ये लहान घरांच्या माफीचा ठराव केला होता. तो मंजुरीसाठी मंत्रालयाकडे गेला आणि तिथेच अडकला. आदिलाबादच्या नगरसेवकाला निदान किल्ली आपल्या हातात आहे असा भ्रम नाही. वॉर्डात कुणी ‘घरपट्टी कमी करा’ म्हणालं की तो हैदराबादकडे बोट दाखवतो, आणि ते बोट खोटं नसतं.

हैदराबादहून सवलती येतात तेव्हा पंचांगात निवडणूकही जवळ असते. २०१६ च्या हैदराबाद महापालिका निवडणुकीआधी तिथे वर्षाला १२०० रुपयांपर्यंत घरपट्टी असणाऱ्या घरांचा कर १०१ रुपये केला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन दिवाळीत, तेव्हाचे नगरविकास मंत्री के. टी. रामाराव यांनी त्या वर्षाच्या घरपट्टीत निम्मी सूट जाहीर केली. हैदराबादेत १५ हजारांपर्यंत कर असलेल्या घरांना, राज्यातल्या बाकी शहरांत १० हजारांपर्यंत. कारण कोविडचं होतं, आणि ते खरंही होतं. १ डिसेंबरला हैदराबादची निवडणूक होती, हेही खरं. आदिलाबाद या ‘बाकी शहरां’त आलं.

त्या सवलतीचे आकडे सरकारनेच दिले होते. हैदराबादेत १३.७२ लाख कुटुंबांना १९६.४८ कोटी, इतर शहरांत १७.६८ लाख कुटुंबांना १३० कोटी. भागाकार करून पाहिला तर हैदराबादच्या कुटुंबामागे सुमारे १४३० रुपये आणि बाहेरच्या कुटुंबामागे सुमारे ७३५ रुपये पडतात. सवलत करावरच्या टक्क्याने दिली की असं होणारच. ज्याची घरपट्टी ९,८०० त्याचे ४,९०० वाचले, ज्याची ६०० त्याचे ३००, आणि शंभर रुपयेवाल्याचे पन्नास. लॉकडाऊनमध्ये हातावर पोट असलेल्या माणसाला पन्नास रुपये मिळाले आणि ज्याचा पगार एक दिवस चुकला नाही त्याला जवळजवळ पाच हजार. आदिलाबादसारख्या शहरात दहा हजारांच्या वर घरपट्टी असलेली राहती घरं फारशी नसणार, तेव्हा मर्यादा नावापुरतीच उरली. गरिबांसाठी म्हणून निघालेली गाडी सगळ्यांना घेऊन गेली, खिडकीजवळची जागा मात्र मोठ्या घराला मिळाली.

थकबाकीवरची सूट ही आणखी एक चीज आहे. तेलंगणात घरपट्टी वेळेवर भरली नाही तर महिन्याला २ टक्के व्याज चढतं. हजार रुपये पाच वर्षं राहिले तर व्याजच बाराशे होतं. मग अधूनमधून सरकार ‘वन टाइम’ योजना काढतं: मुद्दल आणि व्याजाचा दहावा भाग भरा, बाकी ९० टक्के व्याज माफ. बाराशेच्या जागी १२० रुपये. ‘वन टाइम’ म्हणजे एकदाच, पण २०२० नंतर ही एकदाची वेळ पुन्हा पुन्हा आली आहे. एप्रिलमध्येच वर्षाची घरपट्टी भरून टाकणाऱ्याला करात ५ टक्के सूट आहे. सहाशेच्या घरपट्टीवर तीस रुपये. बिल कलेक्टर दारात आल्यावर डब्यातले पैसे काढून देणारी म्हातारी आणि पुढच्या योजनेची वाट पाहणारा गाळेधारक यांच्यात शहाणा कोण, हे वसुलीखात्यालाही ठाऊक आहे. थकबाकीदारांत खरंच न जमणारे लोकही आहेत, त्यांना व्याजाने चिरडणं बरं नाही. पण न जमणारा आणि वाट पाहणारा यांना वेगळं काढण्याची सोय या योजनेत नाही.

ती सोय का नाही, याचं उत्तर साधं आहे. पालिकेला माणसाचं उत्पन्न ठाऊक नाही, घर ठाऊक आहे. घर जागचं हलत नाही, त्याला नंबर आहे, आता तर इस्रोच्या ‘भुवन’ नकाशावर तेलंगणातल्या शहरांची घरं एकेक करून टिपली गेली आहेत. उत्पन्न मात्र हमालीच्या दिवसाप्रमाणे, कापसाच्या हंगामाप्रमाणे बदलतं.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवायला गेले. तिथे ‘कौन्सिल टॅक्स’ घराच्या १९९१ मधल्या किमतीवरून ठरलेल्या आठ गटांप्रमाणे लागतो. गरीब कुटुंबांना त्यात पूर्वी देशभर एकाच नियमाने सूट मिळे. एप्रिल २०१३ मध्ये केंद्र सरकारने ती योजना मोडली, पैशांत सुमारे दहावा भाग कापला आणि प्रत्येक कौन्सिलला सांगितलं की आपली योजना आपण करा. फक्त निवृत्तांची सूट कमी करायची नाही. म्हणजे सूट कमी करायची तर तिचा सगळा भार कामाच्या वयातल्या गरिबांवरच येणार. तेव्हापासून प्रत्येक कौन्सिल योजना ठरवते, ती बदलायची तर आधी लोकांचं मत मागवावं लागतं. काही ठिकाणी पूर्ण माफी आहे, काही ठिकाणी सगळ्यात गरीब माणसालाही कराचा पाचवा भाग भरावा लागतो. अर्जात पगार, बचत, घरातली माणसं, अपंगत्व, सगळं लिहायचं. स्थानिक सभागृहाला खरा अधिकार मिळाला, पण रिकामी थैली हातात देऊन.

आपल्याकडे थैलीचा प्रश्न पुढे येतो तो वित्त आयोगाच्या मार्गाने. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ नंतरच्या अनुदानासाठी शहरांना अट घातली: राज्याने घरपट्टीचा किमान दर जाहीर करावा आणि वसुली राज्याच्या स्थूल उत्पादनाच्या वाढीच्या वेगाने वाढलेली दिसावी. त्यामुळे माफी जाहीर होते एकीकडे आणि वसुलीचं लक्ष्य येतं दुसरीकडे. मार्च महिन्यात आदिलाबादसारख्या पालिकेत बिल कलेक्टरपासून कमिशनरपर्यंत सगळे रस्त्यावर दिसतात ते उगाच नाही.

इंग्लंडच्या पद्धतीतला एक फरक इथे कुणाच्या फारसा ध्यानात येत नाही. तिथे कर भरण्याची जबाबदारी सहसा घरात राहणाऱ्यावर असते, घर त्याचं असो वा भाड्याचं. म्हणून सूटही भाडेकरूला मिळते. आपल्याकडे घरपट्टी मालकाच्या नावाने निघते. आदिलाबादच्या कापसाच्या बाजारात हंगामाला आलेलं कुटुंब महिन्याचं भाडं देऊन एका खोलीत राहतं, त्या भाड्यात घरपट्टीचाही वाटा असतो. घर ७५ गजांच्या आतलं निघालं तर शंभर रुपयांचा लाभ मालकाला. भाडं त्याने कमी केलं तर केलं. पालिकेच्या खात्यात असेसमेंट नंबर आहे, दाराचा नंबर आहे, मालकाचं नाव आहे, मजल्यांची संख्या आहे. त्या खोलीत राहणाऱ्याला काय परवडतं, यासाठी तिथे रकाना नाही.